बेरिल मॅकबर्नी यांची नृत्यशाळा



त्रिनिदादच्या शाळांत मुलींना स्कॉटिश नाच शिकवले जात, त्या काळी बेरिल मॅकबर्नी खेड्यांतून बेले आणि मयताच्या रात्री नाचला जाणारा बोंगो पाहत हिंडल्या. न्यूयॉर्कमध्ये नाव मिळवूनही त्या मायदेशी परतल्या आणि १९४८ साली पोर्ट ऑफ स्पेनच्या वुडब्रुक भागात त्यांनी ‘लिटल कॅरिब थिएटर’ उभारले. तिथे तरुण-तरुणी आपल्याच मातीतले नाच शिकू लागली. स्टीलबँड वाजवणारी पोरे तेव्हा गुंड गणली जात. तेलाच्या पिंपांतून घडवलेली त्यांची वाद्ये बाईंनी सन्मानाने रंगमंचावर आणली. पांढरपेशांना ते रुचले नसणारच. (तमाशाबाबत आपण तरी कुठे वेगळे होतो?) पर्सिव्हल बोर्ड हे पुढे अमेरिकेत गाजलेले नर्तक याच मंडळीतले.