पोर सांगतंय, ऐकून घ्या
(ग्रामसंघाच्या मासिक सभेत केलेल्या बोलण्याचा मजकूर)



आज हप्त्याचा विषय नाही, वह्या बाजूला ठेवा. मी वयाने तुमच्यापेक्षा लहान, मला लेकरं नाहीत, तरी लेकरांविषयीच बोलणार आहे. सांभाळून घ्या.

बदलापूर आपल्याला परकं नाही. आंबेनळी घाटाखालच्या कितीतरी घरांतली माणसं मुंबई, डोंबिवली, बदलापूरकडे कामाला आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार झाला. मुलींच्या स्वच्छतागृहात. आरोपी शाळेतलाच सफाई कामगार. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, लोकल बंद पडल्या, ते टीव्हीवर तुम्ही पाहिलं असेल. मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं. एवढ्याशा लेकरांनी ते घरी सांगितलं आणि घरच्यांनी खरं मानलं. अडलं ते पुढे. गुन्हा नोंदवायला आईबापांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास थांबावं लागलं. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरण हातात घेतलं आणि शाळा, पोलीस दोघांना धारेवर धरलं.

आपल्याकडे असं झालं तर पहिलं कोणाकडे जाल? मी हा प्रश्न वाड्यांवर विचारते तेव्हा उत्तर येतं, गावकीत सांगू. गावकीला माझा नकार नाही. पालखी, पाणी, बांधाचं भांडण तिथे मिटतं, मिटू दे. पण हे मिटवायचं प्रकरण नाही. पोक्सो कायदा २०१२ चा आहे. त्यात असा प्रकार कळूनही पोलिसांना न सांगणं हाच गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद. शाळेचा प्रमुख गप्प बसला तर एक वर्षापर्यंत. ‘मुलीचं नाव खराब होईल’ म्हणणाऱ्यांना सांगा, नाव छापायला, ओळख उघड करायला कायद्यानेच बंदी आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेते आणि तेव्हा ती गणवेशात नसते. लेकराला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. आणि हे मुलग्यांनाही लागू आहे, ‘आमचा तर पोरगा’ म्हणून निर्धास्त राहू नका.

लेकराला हे शिकवायचं कसं? अंघोळ घालताना. ही जागा तुझी, इथे कुणी हात लावला तर ओरड आणि मला येऊन सांग. शब्द कुठलेही वापरा, लाजू नका. ‘कुणाला सांगू नको, खाऊ देतो’ असं मोठं माणूस म्हणालं, मग ते काका असो की मामा, तर तेही घरी सांगायचं. पोर अचानक शाळेला जायला रडायला लागलं, तर आधी धपाटा घालू नका. शेजारी बसा, विचारा.

आता मोबाईल. नवरा मुंबईला, मोबाईल घरी, आणि भात लावणीच्या दिवसांत तो पोराच्या हातात. रेंज मिळते म्हणून पोरं टेकाडावर जाऊन गेम खेळतात. त्या गेममध्ये अनोळखी माणसाशी बोलता येतं, हे आपल्यातल्या बऱ्याच जणींना माहीत नसतं. समोरचा स्वतःला दहा वर्षांचा म्हणतो, असतो चाळीसचा. मग फोटो मागतो, मग धमकावतो. पोर घाबरून सांगत नाही, कारण आई मोबाईल काढून घेईल. म्हणून आजच घरी सांगून टाका: सांगितलंस तर मारणार नाही. धमकीचे मेसेज पुसू नका, तोच पुरावा आहे. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाईन, फोन फुकट लागतो. ऑनलाईन पैसे गेले तर १९३०. दोन्ही नंबर चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने लिहिले तरी चालतील!

शेवटचं शाळेचं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या महिला हव्यात. आपल्यातल्या काहीजणींचं नाव त्या यादीत आहे, सही घरी आलेल्या कागदावर होते. १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे प्रत्येक शाळेत सखी सावित्री समितीही असायला हवी. पुढच्या सभेला येताना प्रत्येक गटाने आपल्या शाळेतून एवढं पाहून यायचं: समितीत कोण कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, तक्रारपेटी आहे का, तिची किल्ली कोणाकडे असते, आणि मुलींच्या संडासाला आतून कडी लागते का.