चेटकिणीचा प्रणय आणि मराठी कादंबरी

चिंचवड या नांवांत चिंच आहे आणि वडहि आहे. पिंपरी हें तर वडपिंपळाच्या कुळांतलेंच झाड. अशाच झाडांवर मराठी लोकसमजुतीनें हडळ, मुंजा व वेताळ यांना घरें दिलीं. आज तेथून चाकणपर्यंत कारखाने पसरले आहेत आणि रस्त्यांवर रात्रभर दिवे जळतात. तरीहि रात्रपाळीच्या बसमध्यें एखादी कामगार तरुणी चेटकीण आणि रक्तपिपासु पिशाच यांच्या प्रणयाची इंग्रजी कादंबरी वाचतांना दिसली, तर नवल मानण्याचें कारण नाहीं. अद्भुताची भूक दिव्यांनीं शमत नाहीं.

ही भूक मराठीला परकी नाहीं. हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ सालीं व रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ सालीं निघाली, तेव्हां कादंबरींत विरह, संकटें आणि अद्भुत प्रसंग हेच वाचक शोधीत. पुढें हरिभाऊ आपट्यांनीं तिला घरांतील स्त्रीच्या दुःखाकडे वळविलें, आणि तें योग्यच झालें. विसाव्या शतकांत नारायण धारप यांनीं भयकथा लोकप्रिय केली; परंतु तींत बहुधा पिशाचाशीं झुंज असते, प्रीति नसते.

मराठी लेखकाला अशी प्रौढ प्रेमकथा लिहावयाची असेल, तर उसना नायक आणण्याची गरज नाहीं. रिचर्ड बर्टन यानें १८७० सालीं वेताळाच्या गोष्टी इंग्रजींत आणतांना त्याला 'व्हँपायर' म्हटलें. १८९७ सालीं ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'नें त्या नांवाला कायमचें रक्त लावलें. आपला वेताळ मात्र विक्रमाचें रक्त पीत नाहीं. खांद्यावर बसून प्रश्न विचारतो. एका कथेंत स्त्रीच्या हातून पति व भाऊ यांचीं तुटलेलीं मस्तकें चुकून एकमेकांच्या धडांवर बसतात. मग तिचा पति कोणता? मन आणि देह यांचा झगडा याहून नेमका कोठें मांडला जाईल?

नायिकेच्या बाबतींत मात्र लेखकावर मोठी जबाबदारी येते. कादंबरींत चेटकीण म्हणजे सामर्थ्यवती प्रेयसी. गांवांत तोच शब्द एखाद्या एकाकी विधवेवर आळ म्हणून येतो, आणि तिला मारहाण होते किंवा घर सोडावें लागतें. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यांत २० ऑगस्ट २०१३ रोजीं हत्या झाली. त्याच वर्षीं महाराष्ट्रानें जादूटोणाविरोधी कायदा केला. कुणी करणी करतो असें सांगून त्याचा छळ करणें हा त्या कायद्यानें गुन्हा आहे.

म्हणून चेटकिणीवर कादंबरी लिहूंच नये, असें नव्हे. वाचकाला कल्पित तें कल्पित म्हणून कळतें, आणि त्यांतच त्याचा आनंद असतो. मात्र जिच्याकडे गांव बोट दाखवितें, तिच्या बाजूला उभें राहून जग पाहण्याची संधि ही कादंबरी देऊं शकते. पुस्तक मिटल्यावर शेजारच्या एकाकी बाईविषयीं कुजबूज कानीं आली असतां वाचक क्षणभर थांबला, तर त्या प्रणयकथेनें मनोरंजनाहून अधिक कांहीं साधलें असें म्हणतां येईल.