बेबी



व्याख्यानाला विषय कोणता घ्यावा ह्याचा विचार करताना थोर विषय पुष्कळ सुचले. ते सारे बाजूस ठेवून आम्ही आज एक अगदी लहान विषय घेऊन ईटला आलो आहोत. तो म्हणजे एक नाव : 'बेबी'. आपण हसलात, ते ठीकच आहे. पण आपल्या नात्यागोत्यात एखादी बेबीताई, बेबीमावशी किंवा बेबीआत्या नाही, असे सांगणारे इथे फार थोडे निघतील. कदाचित ती ह्या क्षणी समोर बसलेलीही असेल. तिची क्षमा आम्ही आधीच मागून ठेवतो.

इंग्रजीत ह्या शब्दाचा अर्थ तान्हे मूल. मूल ओठ मिटते नि उघडते, तेव्हा 'ब' आणि 'म' हे वर्ण आपोआप बाहेर पडतात. आपले बाबा, बबन, बबी, बबड्या हे त्याच बोबड्या बोलाचे सोयरे. म्हणून हा शब्द परका असूनही आपल्या घरात पाहुण्यासारखा अवघडून बसला नाही. बबीच्या शेजारी बेबी सहज मांडी घालून बसली.

मात्र घर बदलले की शब्दाचा स्वभावही बदलतो. इंग्रज माणूस आपल्या प्रेयसीलाही ह्याच शब्दाने हाक मारतो. मुलीचे नाव म्हणून तो सहसा ठेवत नाही. केरळात तर हे पुरुषाचे नाव आहे. २०२५ साली मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस झालेले एम. ए. बेबी हे चांगले मिशा राखणारे गृहस्थ आहेत! आपल्याकडे मात्र बेबी ही मुलगीच.

हे नाव आपल्याकडे सिनेमाने आणले, असे कोणी म्हणेल. बालनटीच्या नावामागे 'बेबी' आणि बालनटाच्या नावामागे 'मास्टर' लावण्याची त्या काळी रीतच होती. १९४४ च्या 'रामशास्त्री'मधली बेबी शकुंतला आणि १९४८ च्या 'मंदिर'मधली बेबी नंदा जुन्या मंडळींना आठवत असतील. पुढे मुलींची 'बेबीनंदा' अशी जोडनावेही आढळू लागली. परंतु 'जिणं आमुचं' लिहिणाऱ्या बेबी कांबळे १९२९ साली पुरंदर तालुक्यातल्या वीरगावी जन्मल्या, आणि पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' आला १९३२ साली. तेव्हा पडद्याची वाट न पाहताच हे नाव मराठी घरात शिरले असावे. छावण्या, साहेबांचे बंगले, रेल्वेच्या वसाहती येथे कामाला जाणाऱ्या माणसांनी ते कानात साठवून गावी नेले असेल, असे आम्हांस वाटते.

आता थोडी तुलना करू. लोकमान्यांचे पाळण्यातले नाव केशव. घरी त्यांना 'बाळ' म्हणत. तेच नाव पुढे देशाने डोक्यावर घेतले. बाळचा बाळासाहेब होतो, बाळासाहेबाला पागोटे शोभते. बेबीचे तसे होत नाही. साठी उलटली, सुना आल्या, नातवंडे अंगणात खेळू लागली, तरी ती बेबीच. लाडाचे नाव मुलाला मोठे होऊ देते आणि मुलीला लहान ठेवते, हे आपल्या कधी ध्यानात आले आहे काय?

तरीही 'बेबी' प्रेमाने दिलेले नाव आहे, हे विसरून चालणार नाही. मूल जगावे म्हणून दगडू, धोंडू अशी नावे ठेवीत, त्यांतही माया होती. पण मुलगी नको म्हणून तिला 'नकोशी' म्हणणे निराळे. २०११ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. ज्या मुली मोठ्या होत्या, त्यांनी आपले नाव स्वतः निवडले. आयुष्यात प्रथमच कोणी त्यांना विचारले होते, 'तुला काय म्हणू?'

आमच्या एक मावशी होत्या. माहेरी त्या बेबी, शाळेच्या दाखल्यावर निराळ्या, आणि लग्नात ताटभर तांदळांवर अंगठीने लिहिलेले नाव तिसरेच. वडिलांच्या पश्चात जमिनीला वारस लावण्याची वेळ आली तेव्हा एका कागदावर बेबी, दुसऱ्यावर दुसरीच बाई. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क देणारी दुरुस्ती २००५ साली झाली. पण हक्क मागणारी बाई 'ती मीच' हे तरी सिद्ध व्हावयास हवे ना! मावशींनी वर्षभर खेटे घातले. एकदा दमून ओट्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "साऱ्या गावाला मी ठाऊक हाय, माय. फक्त कागदाला न्हाई."

हे वाक्य सांगण्यासाठीच आज आम्ही उभे राहिलो आहोत. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या मनगटावर 'बेबी ऑफ' लिहून पुढे आईचे नाव घालतात. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे नावावाचूनही जन्माची नोंद होते. मग वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येते, आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. रकाना रिकामा राहू नये, एवढी काळजी बारशाच्या घुगऱ्या वाटतानाच घ्यावी. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आईचे नाव येते. आईच तीन नावांत विभागलेली असेल, तर लेकरानेही कोणते लिहावे?

बेबी हे नाव टाकून द्या, असे आम्ही मुळीच सांगत नाही. बेबी कांबळ्यांनी वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून लिहिले. १९८६ साली ते पुस्तकरूपाने आले, आणि मुखपृष्ठावर हेच नाव छापले गेले. ज्या नावात बाईला लहान ठेवण्याची खोड आहे, त्याच नावाला त्यांनी मोठे केले. नाव कोणतेही असो. ते जिचे आहे तिच्या हातात असावे, आणि सगळ्या कागदांवर एकच असावे.

तेव्हा आज घरी गेल्यावर आपल्या बेबीताईला एवढेच विचारा : 'तुझे कागदावरचे नाव काय?' उत्तर देताना ती क्षणभर थांबली, तर हे व्याख्यान वाया गेले नाही असे आम्ही समजू.