तारस्वरांचा द्वारपाल

१९६० ते १९८० या काळांत तयार झालेले ध्वनिक्षेपक अनेक संगीतप्रेमी कुटुंबांनीं आजही जपून ठेविले आहेत. त्यांचें लांकूड शाबूत असतें, मंद्र स्वर भरदार उमटतात. परंतु सतारीच्या जवारीचें व झांजेच्या झणत्काराचें तेज मात्र लोपलेलें असतें. अशा वेळीं ट्वीटर, म्हणजे तारस्वर उमटविणारा लहान क्षेपक, निकामी झाला असें ठरवून मालक मोकळा होतो. वस्तुतः पुष्कळदां दोष ट्वीटरचा नसून त्याच्या वाटेवर बसविलेल्या कंडेन्सरचा असतो.

ध्वनिवर्धकाकडून येणाऱ्या प्रवाहांत सर्व स्वर एकत्र असतात. त्यांची वांटणी करणाऱ्या योजनेस क्रॉसओव्हर म्हणतात. कंडेन्सर जलद कंपनांना सहज वाट देतो आणि मंद कंपनांना अडवितो. ट्वीटरच्या वेटोळ्याची तार अतिशय बारीक असते. मंद्र स्वरांचा जोर तिच्यावर आला, तर ती जळून जाते. तेव्हां कंडेन्सर हा ट्वीटरचा द्वारपालच होय.

या द्वारपालाचें गणित अवघड नाहीं. १,५९,००० या संख्येस ट्वीटरच्या रोधाचे ओहम आणि कंडेन्सरचे मायक्रोफॅरड यांच्या गुणाकारानें भागिलें, म्हणजे वांटणीची कंपनसंख्या मिळते. ८ ओहम व ४ मायक्रोफॅरड घेतल्यास ती दर सेकंदास सुमारें ५,००० येते. परंतु केवळ या गणितावर भिस्त ठेवून नवें मूल्य ठरविणें धोक्याचें आहे. एक उदाहरण पाहावें.

अमेरिकेंतील केंब्रिज येथें एडगर व्हिल्चर व हेन्री क्लॉस यांनीं १९५४ सालीं अकूस्टिक रिसर्च ही कंपनी स्थापिली. तिचा १९६७ सालचा ‘एआर-३ए’ हा ध्वनिक्षेपक प्रसिद्ध आहे. त्यांत १२ इंची वूफर, दीड इंची मध्यम क्षेपक व पाऊण इंची ट्वीटर असून, निर्मात्यानें वांटणी ५७५ व ५,००० कंपनांवर सांगितली आहे. ट्वीटरच्या वाटेवर ६ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आहे. रोध ४ ओहम धरून वरील भागाकार केल्यास उत्तर ६,६०० च्या आसपास येतें, ५,००० येत नाहीं. याचें कारण असें कीं, ट्वीटरचा रोध सर्व कंपनांवर सारखा राहत नाहीं, आणि निर्माता ट्वीटरचा अंगचा स्वभाव ध्यानीं घेऊनच मूल्य निवडतो. म्हणून निर्मात्याचा आंकडा हाच प्रमाण मानावा.

त्या काळच्या अनेक पेट्यांत रासायनिक द्रव असलेले कंडेन्सर बसविलेले असत. कालांतरानें हा द्रव सुकतो. अंगचा रोध वाढून तारस्वर मंदावतात. मूल्यही पालटतें. ६ चे ९ मायक्रोफॅरड झाले, तर वांटणीच्या बरेंच खालच्या स्वरांत ट्वीटरवरील शक्ति सुमारें सव्वादोन पट होते. जुना ट्वीटर एकदां जळाला, कीं त्याचा जोडीदार मिळणें दुर्घट असतें.

दुरुस्तीपूर्वीं सर्व जोडण्यांचा आराखडा काढून ठेवावा. ‘एआर-३ए’सारख्या पेटीमागील स्वरनियामकांचे संपर्क गंजतात, तेव्हां आधीं ते स्वच्छ करून पाहावें. नंतर कंडेन्सरची एक तार सोडवून त्याचें मोजमाप करावें. जोडलेल्या स्थितींत केलेलें मोजमाप फसवें ठरतें.

नवा कंडेन्सर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर पटलाचा घ्यावा. तो सुकत नाहीं. मूल्यांतील फरक शेंकडा ५ हून अधिक नसावा व दाब सोसण्याची क्षमता १०० व्होल्ट वा अधिक असावी. नेमकें मूल्य न मिळाल्यास ४ व २ मायक्रोफॅरडचे दोन कंडेन्सर समांतर जोडले, कीं ६ होतात. धन व ऋण अशा खुणा असलेला कंडेन्सर मात्र येथें वापरूं नये, कारण ध्वनीचा प्रवाह सतत दिशा पालटत असतो. पटलाच्या कंडेन्सरचा अंगचा रोध नगण्य असल्यानें तारस्वर कधीं मूळच्याहून प्रखर वाटतात. तसें झाल्यास अर्ध्या ओहमाच्या आसपासचा रोधक त्याच्याशीं एकसरीनें जोडावा. दोन्ही पेट्यांतील भाग एकाच वेळीं बदलावेत, नाहींतर डावा-उजवा तोल बिघडतो.

महाग कंडेन्सरांची जाहिरात वाचून पुष्कळांना मूळ रचना सुधारण्याचा मोह होतो. परंतु जीर्णोद्धार करणारा शहाणा कारागीर पडलेला चिरा त्याच मापाचा बसवितो. मोठा चिरा ठोकून भिंत हलवीत नाहीं. काम झाल्यावर दोन्ही पेट्या शेजारीं ठेवून ओळखीची एक ध्वनिमुद्रिका बेताच्या आवाजांत ऐकावी. झांज जितकी वादकानें वाजविली तितकीच ऐकूं आली, तर निवड योग्य झाली असें समजावें.