कुंडीतली माती आणि तिच्यात घालावयाची खनिजे
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



खताविषयी आपण पुष्कळ ऐकतो, म्हणून आज त्याविषयी बोलत नाही. रोपवाटिकेत हल्ली पांढऱ्या-करड्या पुड्यांची रांगच मांडलेली असते. परलाइट, व्हर्मिक्युलाइट, जिप्सम, चुना, रॉक फॉस्फेट! घरखर्चातून वाचवलेले पैसे घेऊन आपण जातो आणि दुकानदार देईल ते घेऊन येतो. माझे म्हणणे इतकेच, की आपल्या मातीत काय उणे आहे ते आधी पाहावे आणि मग पुडी घ्यावी.

आपण देशावर राहणाऱ्या. इथली काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली. पाण्याने ती फुगते, उन्हाने भेगाळते, आणि पुष्कळ ठिकाणी तिच्यात चुनखडी मुळातच असते. चमचाभर कोरडी माती बशीत घेऊन तिच्यावर थोडे व्हिनेगर ओतावे. फसफसली, तर चुना आहे असे समजावे. अशा मातीत आणखी चुना घातला, तर जमिनीतले लोह झाडाला घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. शेतकरी याला केवडा म्हणतात. आमच्या शेजारच्या वहिनींच्या जास्वंदीला नेमके हेच झाले होते, आणि त्या बिचाऱ्या ताकद यावी म्हणून दर महिन्याला चुना आणि चुलीतली राख घालीत होत्या. राखही चुन्याचीच बहीण! दोन्ही बंद करून हिराकस मुरलेल्या शेणखतात कालवून थोडे थोडे दिले, तेव्हा नवी पाने हिरवी आली.

कोकणात गोष्ट उलटी. जांभ्याच्या तांबड्या मातीतला चुना मुसळधार पावसाने धुऊन जातो, माती आंबट होते, आणि तिथे चुना खरोखर गुण देतो. माहेर तिकडचे आणि सासर इकडचे असले, की माहेरची रीत इथल्या कुंडीत चालवण्याचा मोह होतो, तो आवरावा.

जिप्समचे नाव मोठे आहे. चोपण जमिनीत ते फार उपयोगी, कारण ते मातीला चिकटलेले सोडियम सोडवते. पण साध्या कुंडीत चोपणपणा नसतोच, मग ते कशाला? रॉक फॉस्फेटही चुनखडीच्या मातीत जवळजवळ विरघळत नाही, तसेच पडून राहते.

खरे पाहता कुंडीतली झाडे उपाशी मरतात त्याहून अधिक गुदमरून मरतात. मुळांना हवा लागते. घट्ट मातीत मूठभर बारीक रेती मिसळली, तर ती मोकळी होण्याऐवजी अधिकच आवळते. त्यापेक्षा चांगल्या भाजलेल्या विटेचे वाटाण्याएवढे तुकडे करावेत आणि धूळ धुऊन टाकावी. दोन घमेली माती, एक घमेले जुने शेणखत आणि एक घमेले विटेचे तुकडे, एवढ्यात मोगरा सुखाने राहतो. समुद्राची वाळू मात्र नको, तिच्यात मीठ असते. आणि तळाशी खड्यांचा थर देण्याची जुनी पद्धत सोडावी. पाणी त्या थरात सहज उतरत नाही, वरच्या मातीतच थबकते. भोकावर एक खापरी पुरे.

मग परलाइट घ्यावे की नाही? गॅलरीत कुंड्या असतील तर जरूर विचार करावा. ज्वालामुखीच्या काचेचा हा दगड भट्टीत लाहीसारखा फुलवलेला असतो. लिटरभर कोरडे परलाइट साधारण शंभर ग्रॅम भरते, तर तेवढीच ओली माती दीड किलोच्या पुढे जाते. पंधरा-वीस मोठ्या कुंड्यांचे वजन पुढे आलेल्या गॅलरीवर किती पडते, याचा हिशेब घरातल्या पुरुषमंडळींनीही करावा! व्हर्मिक्युलाइट पाणी धरून ठेवते, म्हणून बी रुजवायला ते बरे. मोठ्या कुंडीत ते हळूहळू दबते. दोन्हींची धूळ छातीत जाऊ नये म्हणून पिशवी उघडताच पाणी शिंपडावे, नाकावर पदर घ्यावा आणि मुलांना दूर ठेवावे.

ज्यांना आपली माती पाहायची आहे, त्यांनी पुढच्या गुरुवारी वाटीभर कोरडी माती कागदात बांधून आणावी. व्हिनेगरची बाटली मी आणीन.