खोक्यावर लिहिलेली जीवनसत्त्वं

आदरणीय बाई, सर आणि १९९६च्या दहावीतल्या माझ्या सोबत्यांनो,

"कशावरही बोल, फक्त कॉम्प्युटरवर नको," या अटीवर मला इथे उभं केलंय. म्हणून मी कॉर्नफ्लेक्सवर बोलणार आहे. हसू नका, त्यात माझी एक माफी मागायची राहिलेली आहे.

मला जुन्या अमेरिकी जाहिराती बघायचा नाद आहे, त्यातही मुलांच्या सीरिअलच्या. केलॉगचं 'पेप' हे सीरिअल १९४०च्या दशकात रेडिओवरच्या 'सुपरमॅन' मालिकेचं प्रायोजक होतं. आईला सांगायचं, यात व्हिटॅमिनं आहेत. मुलाला सांगायचं, खोक्यात बिल्ला आहे. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे चांगलं कळतं: वापरणारा एक, पैसे देणारा दुसरा, आणि पटवायचं दोघांनाही.

पुढे साखर आली, तीही नावातच मिरवत. १९५२चं 'शुगर फ्रॉस्टेड फ्लेक्स', १९५३चं 'शुगर स्मॅक्स'. स्मॅक्समध्ये तर वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर! १९७० साली रॉबर्ट चोट नावाच्या माणसानं अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे ६० सीरिअलची पोषणानुसार क्रमवारी मांडली आणि त्यातली ४० निव्वळ पोकळ कॅलरी आहेत असं सांगितलं. मग कंपन्यांनी काय केलं? बऱ्याच सीरिअलमध्ये जीवनसत्त्वं वाढवली. ते अवघड नसतं. उष्णतेनं नासणारी जीवनसत्त्वं भाजून झाल्यावर शेवटी फवारतात. साखर होती तिथेच राहिली. १९८०च्या दशकात नावातला 'शुगर' शब्द मात्र गेला आणि स्मॅक्स 'हनी' झालं.

अन्नात पोषक घटक मिसळणं ही लबाडी नव्हे. मिठातल्या आयोडीननं गलगंड कसा टळतो, हे बाईंनीच आपल्याला शिकवलंय. माझा राग आहे तो खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांवर.

कारण मीही त्यांना भुलले होते. १९९४ साली केलॉग भारतात आलं, कारखाना आपल्या तळोज्याला. नववीत असताना आमच्याकडे पहिल्यांदा कॉर्नफ्लेक्सचं खोकं आलं. आईनं सवयीनं वर उकळतं दूध ओतलं आणि त्याचा लगदा झाला. तरी मी वर्गात ऐट मारली. मधल्या सुट्टीत माझ्या बाकावरच्या मैत्रिणीनं नाचणीची भाकरी काढली, तेव्हा मी सगळ्यांसमोर विचारलं, "तुझ्या भाकरीवर कुठे लिहिलंय, किती व्हिटॅमिनं आहेत ते?" सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून ती डबा झाकण आड धरून खायची. पुढे पुढे तर आणायचीच नाही.

शंभर ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. हे मला फार उशिरा, माझ्या मुलीसाठी नाचणीचं सत्त्व करायला शिकताना कळलं.

ती मैत्रीण आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. नाव घेत नाही. तुला आठवतंय, हे मघाशी चहाच्या वेळी तुझ्या चेहऱ्यावरून कळलं. माझं चुकलं गं.

आता शेवटचं. काही सीरिअलमध्ये लोह म्हणून खरोखर लोखंडाची बारीक भुकटी घालतात. चुरा करून पाण्यात कालवला आणि चुंबक फिरवला की ती काळी भुकटी चिकटून वर येते. मी तसं एक खोकं सोबत आणलंय. बाई, प्रयोगशाळेतला तो मोठा पट्टीचुंबक अजून आहे का?