वाण निवडण्याचा हक्क



बियाण्याचा प्रश्न शास्त्रज्ञांवर सोपवून आपण स्वस्थ बसावे, असे पुष्कळांस वाटते. परंतु वाण शेतकऱ्याला पेरायचे असते आणि पीक सर्वांना खायचे असते. तेव्हा त्यावर बोलण्याचा अधिकार दोघांचाही आहे.

जालन्याच्या महिको कंपनीने बीटी वांगे तयार केले. शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीस मारक असे एका जिवाणूचे जनुक त्यात घातले होते. 2009 साली सरकारी समितीने त्यास अनुकूल मत दिले. पुढे नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या झाल्या आणि 9 फेब्रुवारी 2010 रोजी पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याची लागवड थांबविली. उलटपक्षी, जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे शेतकऱ्यांनी मान्यता नसलेले तणनाशकसहिष्णु कापूसबियाणे उघडपणे पेरले.

दोहोंच्या मुळाशी मागणी एकच : निवड आमची असावी.

ती राखावी कशी? वेष्टनबंद जिन्नसांवर खूण छापण्याचा नियम 2013 साली आला. पण येरमाळ्यात वांगी टोपलीतून घेतली, तर टोपलीला लेबल कोठले? म्हणजे गिऱ्हाइकाचे रक्षण बियाण्याच्या पिशवीपासूनच व्हावयास हवे. चाचणी कंपनीहून स्वतंत्र हवी, तिचे निष्कर्ष मराठीत खुले हवेत आणि साधे वाणही दुकानात मिळत राहिले पाहिजे. 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा हक्क दिला आहे. पण राखण्याजोगे वाणच उरले नाही, तर तो हक्क घेऊन करायचे काय?